टोमॅटोचे सोळा रॉकर

माझा नवरा डेल्मर याला निर्णय घेणं हा प्रकार जन्मतःच जमत नाही. मला मागणी घालायला त्यानं तीन वर्षं लावली, आणि तीही शेवटी मीच घातली. घराला कुठला रंग द्यायचा हे ठरेपर्यंत भिंतींनीच कंटाळून आपापला रंग धरला. म्हणून चार वर्षांपूर्वी मेन रस्त्याच्या सिग्नलला माझ्या गाडीच्या इंजिनातला एक रॉकर मोडला आणि डेल म्हणाला, "आता असे टिकाऊ रॉकर घालतो की आपण मरू पण ते मरणार नाहीत," तेव्हाच मी ओळखायला हवं होतं की यातला पहिला अर्धा भाग तेवढा खरा होणार.

गाडी माझी आहे, हे आधीच सांगून ठेवते, कारण लोक नेहमी डेललाच विचारतात. अडुसष्ट सालची पोंटियाक, लालभडक, चार गिअरची. एकोणीस वर्षांची असताना केचपच्या कारखान्यात दोन हंगाम सडके टोमॅटो निवडून मी ती घेतली, म्हणून तिचं नाव टोमॅटो. बाहत्तर साली जुन्या विमानपट्टीवरच्या शर्यतीत मी तिच्यातून डेलचा मित्र बर्ल याला हरवलं होतं. बर्ल अजून म्हणतो की त्या दिवशी त्याच्या टायरात हवा कमी होती. पन्नास वर्षं होत आली, गडी अजून हवाच भरतोय.

रॉकर म्हणजे वीतभरही नसलेला तुकडा, बागेतल्या सी-सॉसारखा. एका टोकाला खालून दांडी ढकलते, दुसरं टोक व्हॉल्व्ह दाबतं. टोमॅटोत असे सोळा आहेत. मूळचे होते पत्रा दाबून केलेले, काळेकुट्ट, दिसायला अगदीच गरीब. दहा वर्षांपूर्वी बर्लनं आपल्या गाडीत निळे चकचकीत रॉकर घातले आणि डेलच्या डोळ्यांत ते भरले. कुठल्याशा टपालाच्या कॅटलॉगातून त्यानं तसलेच मागवले, जुने काढून कचऱ्याच्या डब्यात टाकले आणि मला म्हणाला, "मेलेत ते. नुसता पत्रा." त्या निळ्यांपैकीच एक पुढे सिग्नलला मोडला. मोडताना गाडी डेल चालवत होता. हे मी त्याला कधी बोलून दाखवलं नाही. म्हणजे फार वेळा नाही.

त्यानंतर सुरू झाली टिकाऊ रॉकरची निवड.

पेगीच्या डोनटच्या दुकानात खिडकीजवळ एक टेबल आहे. त्याला सगळं गाव थापाड्यांचं टेबल म्हणतं. पेगीनं वर तशी पाटीच टांगलीय, आणि तिथे बसणाऱ्यांना तिचा अभिमान आहे. रोज सकाळी सातला डेल, बर्ल आणि क्लीट तिथे बसतात. क्लीटनं चाळीस वर्षं शाळेच्या बस दुरुस्त केल्या, त्यामुळे त्याला कुणाचंच काही पटत नाही.

"ॲल्युमिनियमचे घे," बर्ल म्हणायचा. "हलके असतात. इंजिन कसं मोकळं पळतं बघ."

"हलकं तुझं डोकंपण आहे, ते कुठे पळतंय?" क्लीट म्हणायचा. "ॲल्युमिनियम थकतं. तार दहा वेळा वाकव, अकराव्यांदा तुटते. स्टील घे. स्टीलला थकवा माहीत नाही."

"जड असतं."

"मग काय डोक्यावर घेऊन जायचंय?"

डेल दोघांचं ऐकायचा, डोनट संपवायचा आणि घरी येऊन मला सांगायचा, "दोघांचंही बरोबर आहे गं."

शेवटी त्यानं दोन्ही मागवले. सोळा ॲल्युमिनियमचे, सोळा स्टीलचे, टोकाला चाक असलेले, आतून बेअरिंगवाले. ते सगळे माझ्या जेवणाच्या टेबलावर अंड्यांच्या ट्रेमध्ये बसले आणि बसले ते बसलेच. मग लक्षात आलं की नवे रॉकर उंच आहेत आणि त्यांच्यावर जुनं टॅपेट कव्हर, म्हणजे रॉकरवरचं झाकण, बसत नाही. उंच कव्हर आणलं, तर ते ब्रेकच्या डब्याला टेकलं. मग डेलनं भिंग आणलं. मग वजनकाटा आणला. म्हणजे माझ्या स्वयंपाकघरातून उचलून नेला. आम्ही तीन वर्षं थँक्सगिव्हिंगची टर्की इस्त्रीच्या टेबलावर ठेवून खाल्ली. गॅरेजमध्ये टोमॅटो उघड्या डोक्यानं पडून होती, आणि तिच्या इंजिनावर माझा बदकांच्या चित्रांचा न्हाणीघराचा पडदा.

तुम्ही विचाराल, बाई, एवढी गाडी तुझी, तर तूच का नाही ठरवलंस? तर आमचा एक करार आहे. लग्नाच्या पहिल्या वर्षी मी डेलच्या पान्यांचा खण नीट लावून दिला आणि तो महिनाभर माझ्याशी बोलला नाही. त्याच वर्षी त्यानं माझ्या पाईच्या कडा मदत म्हणून पकडीनं दाबून दिल्या आणि मी दोन महिने बोलले नाही. तेव्हा ठरलं: मी त्याच्या पान्यांना हात लावायचा नाही, तो माझ्या पाईला. तो माझ्या ओव्हनचं दारसुद्धा उघडत नाही.

आणि पाईचा विषय निघालाच आहे, तर सांगते. काउंटीच्या जत्रेत पाईची स्पर्धा असते, आणि गेल्या दहा वर्षांत नऊ वेळा पहिल्या नंबराची निळी फीत माझ्या पाईला मिळालीय. त्याआधी ती कायम ओपलकडे जायची. ओपल म्हणजे बर्लची बायको. चेरीचं सारण कुणालाही जमतं हो, खरी मेख पारीत असते. पारी आधी कोरीच भाजून घ्यावी लागते, आणि भाजताना ती फुगते, वाकडी होते, रुसते. वर कागद घालून वजन ठेवावं लागतं. बाकीच्या बायका राजमा ठेवतात. माझी पारी तळाला आरशासारखी सपाट असते. ओपल दर वर्षी विचारते, "काय ठेवतेस गं वर?" मी दर वर्षी सांगते, "थंड हात लागतात, ओपल." खरं काय ते मला आणि कोठीतल्या कॉफीच्या जुन्या डब्याला माहीत.

तर असं चार वर्षं चाललं होतं आणि आणखी चार चाललं असतं. पण यंदा जुलैत डॉक्टरीणबाईंनी माझ्या डाव्या गुडघ्याचा फोटो दिव्यासमोर धरला आणि च्यक् च्यक् केलं.

"नऊ सप्टेंबरला बदलून टाकू," त्या म्हणाल्या.

"आणि क्लच?"

"कसला क्लच?"

मी टोमॅटोबद्दल सांगितलं. त्या क्लचवर उभं राहिलं तरी तो लवकर दबत नाही, इतका जड आहे. बाईंनी मान हलवली. "तो पुन्हा दाबता येईल असं मी तरी सांगणार नाही. ऑटोमॅटिक घ्या ना एखादी."

"बाई, गुडघा ऑटोमॅटिक टाका," मी म्हटलं, "गाडी आहे तशीच राहू दे."

त्या हसल्या. मी गाडीत येऊन बसले आणि रडले, आणि नाक पुसून घरी आले. मला फार काही नको होतं. पाच मैल हवे होते. माझी गाडी, माझा डावा पाय, चारही गिअर. एकदा. त्यानंतर गुडघा काय, मुंडकं बदला.

"डेल्मर," मी म्हटलं. पूर्ण नावानं हाक मारली की तो उभा राहतो. "ऑगस्टच्या शेवटच्या शनिवारी जत्रेची मिरवणूक आहे. त्या दिवशी टोमॅटो चालू पाहिजे. मी चालवणार आहे."

"हो."

"कुठले रॉकर घालणार?"

तो अंड्यांच्या ट्रेकडे बघत राहिला. मग म्हणाला, "बघतो."

मी हातातलं फडकं त्याला फेकून मारलं.

त्यातून जे निघालं ते या गावाखेरीज कुठे निघालं नसतं. आमच्याकडे जत्रेच्या शुक्रवारी फायर ब्रिगेडचा एक खेळ असतो. कुणीतरी दिलेली भंगार गाडी मैदानात उभी करतात, इंजिनातलं तेल काढून टाकतात, एक्सिलरेटरवर वीट ठेवतात, आणि इंजिन किती मिनिटांत मरतं याचा अंदाज लोक तिकिटावर लिहितात. जमलेल्या पैशांतून फायर ब्रिगेडला पाइप मिळतात. यंदाची गाडी होती जुन्या पाद्रीबाईंची तपकिरी स्टेशन वॅगन, आणि तिचं इंजिन होतं टोमॅटोच्याच घराण्यातलं. टोमॅटोचे रॉकर तिला बसत होते.

"डाव्या बाजूला आठ ॲल्युमिनियम," डेल मला सांगत होता, आणि चार वर्षांत पहिल्यांदा त्याच्या डोळ्यांत चमक होती. "उजव्या बाजूला आठ स्टील. तेल नाही. जे आधी मोडतील ते बाद. उरतील ते टोमॅटोला."

"डेल, चपला टिकाऊ आहेत का बघायला कुणी घराला आग लावतं का? तेल नसल्यावर खालचं सगळं आधी जाम होईल. रॉकरचं काय कळणार?"

"क्लीट हो म्हणतोय."

"आणि बर्ल?"

"तोपण."

थापाड्यांच्या टेबलावर दोघांचं एकमत झालं होतं. पेगीनं म्हणे तारीख भिंतीवर लिहून ठेवली.

मग मी एक चमत्कार पाहिला. ज्या माणसानं चार वर्षांत टोमॅटोचा एक नट फिरवला नाही, त्यानं चार दिवसांत ती वॅगन उभी केली. परीक्षा म्हणजे दोन्ही बाजूंना सारखा न्याय हवा, म्हणून नवे प्लग घातले. दांड्यांची लांबी बरोबर आहे का ते बघायला व्हॉल्व्हच्या टोकाला शाई लावली, इंजिन हातानं फिरवलं, चाक कुठून कुठे घासतं ते भिंगातून पाहिलं. वॅगनला जागा मोकळी होती म्हणून उंच कव्हरही आरामात बसलं. कार्ब्युरेटर धुतला. आरसा पुसला! ज्या गाडीला शुक्रवारी मारायचं, तिचा आरसा! गुरुवारी त्यानं चावी फिरवली तेव्हा ते भंगार इतकं गोड चालायला लागलं की क्लीटनं टोपी काढली.

मी दारात उभी होते. माझी टोमॅटो शेजारीच बदकांखाली पडली होती. मला इतका राग आला की मी काही बोललेच नाही, आणि डेलला तेवढ्यावरून कळायला हवं होतं.

शुक्रवारी सकाळी सगळी काउंटी लोटली होती. फायर चीफ हॅनवे यांनी तेलाचा नट काढला. तेल काळं नव्हतं, मधासारखं स्वच्छ होतं. डेलनं तेही बदललं होतं.

"डेल," चीफ म्हणाले, "आम्ही ही गाडी मारायला आणलीय, तू हिला नवरी करून पाठवलीस."

वीट ठेवली. इंजिन ओरडायला लागलं. लोकांची तिकिटं बहुतेक सहा-सात मिनिटांची होती. सात झाली. दहा झाली. पंधराव्या मिनिटाला लोक मक्याची कणसं खात निवांत बसले. डेल आणि दोन थापाडे वॅगनच्या दोन बाजूंना कान लावून होते. बर्ल डावीकडे, क्लीट उजवीकडे, आणि मधूनमधून एकमेकांकडे बघून हसत होते. तेविसाव्या मिनिटाला आतून हातोडा मारल्यासारखा आवाज झाला, पांढरा धूर निघाला आणि सगळं शांत झालं. बिंगो खेळणाऱ्या एका आजीचं तिकीट बरोबर निघालं. तिनं तेवीस लिहिलं होतं कारण तिला तेवीस नातवंडं आहेत.

इंजिन निवल्यावर डेलनं कव्हरं उघडली. सगळे वाकले.

सोळाच्या सोळा रॉकर धडधाकट. डावीकडचे आठ तसेच, उजवीकडचे आठ तसेच. जाम झालं होतं ते खालचं.

"बघ, ॲल्युमिनियम मोडलं का?" बर्ल म्हणाला.

"स्टील मोडलं का?" क्लीट म्हणाला.

"मी काय म्हटलं होतं?" मी म्हणाले, पण माझ्याकडे कुणी बघितलं नाही.

दोघं भांडत निघून गेले. डेल उलट्या बादलीवर बसून राहिला, हातात एक ॲल्युमिनियमचा आणि एक स्टीलचा. मी त्याच्यावर ओरडायचं पक्कं करूनच गेले होते. चार वर्षांचं सगळं साठवलेलं होतं.

"उद्या मिरवणूक आहे, डेल. कुठला घालतोस बोल. आत्ता बोल."

त्यानं वर बघितलं. सत्तरीचा माणूस, नाकाला ग्रीस लागलेलं.

"गेल्या वेळी मीच निवडले होते," तो म्हणाला. "तुझी गाडी होती. पन्नास वर्षांत तिला तू ओरखडा पडू दिला नाहीस, आणि मी माझ्या हातानं निवडलेला रॉकर माझ्या हाताखाली मोडला. सगळ्या गावासमोर तू टोमॅटोला ढकलत कडेला नेलंस. आता मी परत निवडला, आणि तू एकदाच चालवणार, आणि तेव्हाच मोडला तर? तुला दुसरी वेळ नाहीये, व्हर्लीन."

माझा साठवलेला सगळा राग कुठे गेला कोण जाणे. चार वर्षं मी समजत होते की हा घोळ घालतोय. हा भीत होता.

आणि मग मला दुसरी एक गोष्ट आठवली. खरं सांगायचं तर आठवली नाही. ती चार वर्षं माझ्या डोक्यात होतीच, मी तिच्यावर झाकण ठेवून बसले होते. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात ना, तसं. फक्त कळसा माझ्या काखेत होता आणि वळसे मी नवऱ्याला घालायला लावत होते. कशासाठी, तर नऊ फितींसाठी. मला माझीच लाज वाटली.

"गॅरेजमध्ये जा," मी म्हटलं. "हात धुऊन ये म्हणत नाही, तू धुणार नाहीस. जा, मी आले."

मी कोठीतून कॉफीचा डबा काढला आणि गॅरेजमध्ये येऊन त्याच्यासमोरच्या बाकावर पालथा केला. खडखडाट झाला. सोळा काळे पत्र्याचे रॉकर, आणि प्रत्येकाच्या वाटीत बसणारा अर्धा गोळा आणि नट.

डेलनं एक उचलला आणि वास घेतला.

"याला बटरचा वास का येतोय?"

"पारीवर ठेवते."

"काय?"

"वजन म्हणून. पाईच्या पारीवर. तू कचऱ्यात टाकलेस त्याच दिवशी उचलले. इतके छान कडेला बसतात, डेल. तो वाकलेला आकार आहे ना, तो बरोबर कोपऱ्यात जातो."

"दहा वर्षं?"

"दर रविवारी. आणि सणावारी."

"मी म्हटलं होतं की ते मेलेत!"

"पारीवर बसायला जिवंत असावं लागत नाही."

त्यानं भिंग घेतलं. मापं घेतली. एकेक रॉकर काचेवर ठेवून हलवून बघितला. तेवढ्यात बर्ल आणि क्लीट भांडत भांडतच आत आले आणि बाकावर वाकून बघायला लागले.

"एकही वाकलेला नाही," डेल हळूच म्हणाला. "चाळीस वर्षं इंजिनात, दहा वर्षं चारशे अंशांच्या ओव्हनमध्ये. एकही नाही. उलट मला झिजल्यासारखे वाटले होते ते तेव्हाचं नुसतं जळकं तेल होतं. ओव्हननं साफ केलंय." मग एकदम त्याचा चेहरा पडला. "कुठला रॉकर कुठल्या व्हॉल्व्हवरचा आणि कुठला गोळा कुणाचा, ते लिहून ठेवलंयस? घासून घासून जोड्या जुळलेल्या असतात त्यांच्या."

"डेल, मी पाई करत होते."

बर्लचा चेहरा मात्र वेगळ्याच कारणानं बदलत चालला होता. "थांबा थांबा. म्हणजे मी दहा वर्षं इंजिन खातोय?"

"धुवून घेतले होते रे. आणि मध्ये कागद असतो."

"मला तरी वाटलंच होतं," क्लीट म्हणाला. "तुझी पाई खाल्ली की सकाळी मला सुरू व्हायला सोपं जातं."

मग ते तिघं बाकावर बसले आणि सोळा रॉकर, सोळा गोळे जुळवत राहिले. हा त्यात बसतो का, जरा फिरव, नाही, घासतोय, तो दुसरा दे. आयुष्यात पहिल्यांदा मी थापाड्यांचं टेबल थाप न मारता काम करताना बघितलं. जुळले की डेल तेल लावून बसवायचा आणि नट ओढून घट्ट करायचा. जुनं टॅपेट कव्हर वर ठेवलं तर टुपकन बसलं. चार वाजायच्या आत मी चावी फिरवली. टोमॅटो एकदा खोकली, दोनदा खोकली आणि मग जी गुरगुरली, त्यानं खिडकीची काच थरथरली.

"आता तू पारीवर काय ठेवणार?" डेलनं विचारलं. स्पर्धा दुसऱ्या दिवशी सकाळी होती.

मी वॅगनमधून काढलेल्या नव्याकोऱ्या सोळांकडे बोट दाखवलं. "तूच सांग. ॲल्युमिनियम का स्टील?"

"स्टील," तो म्हणाला. एक क्षणही न थांबता! "जड आहे, हलणार नाही. आधी डिझेलनं धू, मग साबणानं. आठ पुरतील."

चार वर्षं, आणि पारीसाठी एक क्षण.

शनिवारी सकाळी निळी फीत ओपलला मिळाली. आदल्या दिवशी पाच वाजायच्या आतच बर्ल घरी जाऊन सगळं ओकला होता, आणि तिनं त्याच्या गॅरेजमधले सुटे ॲल्युमिनियमचे रॉकर उचलून आपल्या पारीवर ठेवले होते. माझ्या पारीला स्टीलच्या चाकांचे आठ खड्डे पडले. परीक्षक म्हणाले, ओपलची पारी जास्त खुसखुशीत, माझी जरा दबलेली.

"हलकं असतं," बर्ल मांडवातच क्लीटला म्हणाला. "मी चार वर्षं सांगतोय."

"थंड हात लागतात, व्हर्लीन," ओपल म्हणाली. मी तिला काहीही बोलले नाही. म्हणजे मोठ्यानं काही बोलले नाही.

दुपारी एक वाजता मिरवणूक निघाली. पुढे फायर ब्रिगेडचा बंब, मग टोमॅटो, मागे शाळेचा बँड. बँडच्या मास्तरांनी पोरांना सांगून ठेवलं होतं, लाल गाडीच्या मागे चालायचं. डेल माझ्या शेजारी बसला होता, मांडीवर पाना, डोळे मिटून कान इंजिनाकडे. चालण्याच्या वेगानं क्लच धरून ठेवणं म्हणजे काय, ते माझ्या गुडघ्याला विचारा. दर पावलाला तो मला शिव्या घालत होता आणि मी त्याला. इंजिन तापल्यावर पुढच्या झाकणातून भाजलेल्या बटरचा वास यायला लागला. कडेची माणसं नाकं वर करून बघायला लागली. मागे तुतारी वाजवणाऱ्यांपैकी कुणीतरी मध्येच सूर सोडला आणि "भूक लागली" म्हणाला.

मेन रस्त्याचा सिग्नल लाल झाला. तोच सिग्नल. डेलनं पाना घट्ट धरला.

सरळ गेलं की जत्रेचं मैदान, तीनशे पावलं. डावीकडे वळलं की केचपच्या कारखान्यावरून जाणारा रस्ता, दोन्ही बाजूंना मका आणि पाच मैल वळणच नाही.

हिरवा झाला. बंब सरळ गेला. मी डावीकडे वळले.

"व्हर्लीन!" डेल ओरडला. "मिरवणूक तिकडे आहे!"

"मी नाही."

आरशात बघितलं तर सगळा बँड, ढोल, झेंडे, पिसांच्या टोप्या, शिस्तीत डावीकडे वळून माझ्या मागे येत होता, आणि त्यांचे मास्तर हात हलवत त्यांच्या मागे. मी दुसरा गिअर टाकला. बँड लहान झाला. क्लच दाबला की गुडघ्यातून डोळ्यापर्यंत कळ जायची, आणि सोडला की टोमॅटो पाठीत रट्टा मारून पुढे झेप घ्यायची. मी एकोणीस वर्षांची असताना ती अगदी अशीच मारायची. मी हसत होते की रडत होते मला माहीत नाही. दोन्ही करत असेन. तिसरा टाकला. कारखाना गेला. बाजूचा मका नुसती हिरवी भिंत झाला.

डेलचे डोळे मिटलेलेच होते. पाना कधीच खाली पडला होता.

"किती ऐकू येतायत?" मी ओरडून विचारलं.

त्यानं बोटावर मोजलं. खरंच मोजलं, एका हातावरून दुसऱ्या हातावर, आणि बोटं संपली तशी माझ्या मांडीवर टकटक करून. मग डोळे उघडले आणि माझ्याकडे बघितलं.

"सोळा," तो म्हणाला.

मग मी चौथा टाकला.